आश्चर्य दाखवणारे इंग्रजी शब्द : अर्थच्छटा

नागपुरात ‘अरे बाप्पा!’ हा एकच उद्गार नवलापासून धास्तीपर्यंत सगळे भागवतो. फरक सुरातून कळतो. इंग्रजीत मात्र शब्दच बदलावा लागतो. सरप्राइज्ड, अमेझ्ड, स्टार्टल्ड, स्टन्ड, शॉक्ड या सगळ्यांपुढे वहीत ‘आश्चर्यचकित’ लिहिले की गोंधळ पक्का.

‘सरप्राइज्ड’ व्हायला अपेक्षेबाहेरचे काही घडले की पुरे. मग ते चांगले, वाईट, किरकोळ काहीही असो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्याचे नागपूरकराला नवल नाही. त्याच महिन्यात कपाटातून स्वेटर काढायची वेळ आली तर ‘सरप्राइज्ड’. मराठीत रुळलेले ‘सरप्राइज’ बहुधा गोडच, केक-फुग्यांचे. इंग्रजीत ‘अनप्लेझंट सरप्राइज’ही रोजचेच.

‘स्टार्टल्ड’ म्हणजे दचकणे. सीताबर्डीच्या गर्दीत पाठीमागून कर्कश हॉर्न वाजतो, खांदे उडतात. काय झाले ते नंतर कळते. ‘अमेझ्ड’मध्ये सहसा कौतुक असते: थक्क होणे. ‘ॲस्टॉनिश्ड’ त्याहून जड, विश्वास न बसण्याकडे झुकणारा. ‘ॲस्टॉनिश’, ‘ॲस्टाउंड’ आणि ‘स्टन’ या तिघांचे मूळ गडगडाटाच्या लॅटिन शब्दाशी जाते. वीज कोसळल्यागत सुन्न होणे ‘स्टन्ड’मध्ये अजून शाबूत आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. ज्यांच्या घरात पाणी शिरले ते ‘स्टन्ड’ किंवा ‘शॉक्ड’. तिथे ‘अमेझ्ड’ लिहिले, तर पूर पाहून मजा वाटली असे होईल.

सर्वांत महागात पडतो तो ‘शॉक्ड’. त्यात दुःख, संताप किंवा नापसंती असते. मैत्रिणीला ९५ टक्के मिळाल्यावर ‘आय ॲम शॉक्ड’ म्हटले, की तुझ्यात एवढी कुवत नव्हती असे ऐकू जाते. तिथे ‘अमेझ्ड’ हवा.

दुसरी चूक व्याकरणाची, आणि ती मराठीमुळेच होते. ‘मला नवल वाटते’ यात कर्ता नवल. इंग्रजीत कर्ता माणूस. म्हणून ‘आय ॲम सरप्रायझिंग’ लिहिले जाते, म्हणजे ‘मी नवलाची वस्तू आहे’. ज्याला वाटते तो ‘सरप्राइज्ड’, ज्याचे वाटते ते ‘सरप्रायझिंग’. पुढे ‘ॲट’ किंवा ‘बाय’ लावावे, ‘विथ’ नको. ‘व्हेरी सरप्राइज्ड’ ठीक. ‘ॲस्टाउंडेड’ मुळातच टोकाचा, म्हणून ‘व्हेरी ॲस्टाउंडेड’ कानाला खटकते, तिथे ‘ॲब्सोल्यूटली’.

‘वंडर’ म्हणजे नवल खरे, पण ‘आय वंडर इफ’ला आश्चर्याशी देणेघेणेच नाही. त्याचा अर्थ ‘कोण जाणे’ किंवा ‘मला प्रश्न पडतो’ एवढाच.