कॉस्मिक रेज कमी-जास्त का होतात, हे शोधलं कसं?

हैदराबादहून टीआयएफआरवाले (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) जे मोठे बलून सोडतात त्याची नोटीस पेपरात येते बघा, त्यातल्या जिल्ह्यांच्या यादीत आपलं सोलापूर पण असतं. बलूनखालची यंत्रं पॅराशूटने इकडच्या एखाद्या शेतात उतरू शकतात, दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा असं लिहिलेलं असतं. कॉस्मिक रेज म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे कण, त्यांच्या संशोधनाची सुरुवातच बलूनमधून झालीये.

१९१२ साली व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ स्वतः बलूनमध्ये बसून ५ हजार मीटरच्या वर गेला, तर वर रेडिएशन जमिनीपेक्षा कितीतरी जास्त! त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना पण तो वर गेला होता, सूर्य झाकला तरी रेडिएशन कमी झालं नाही, म्हणजे हे सूर्याकडून येत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पुढे कळलं की किरण सूर्याचे नसले तरी त्यांचा चढउतार सूर्याच्याच हातात आहे.

पण सूर्याचं ते कळण्याआधी जेकब क्ले हा डच शास्त्रज्ञ. हा १९२७ ला जावाहून हॉलंडला बोटीने जाताना मोजत गेला आणि विषुववृत्ताजवळ किरण कमी भरले. नाव किरण असलं तरी हे विद्युतभारित कण, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं, त्यामुळे आपल्याकडे फक्त जोरदार कणच पोचतात.

मग स्कॉट फोर्बुश हा अमेरिकन शास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं कॉस्मिक रेजच्या नोंदी चिकाटीने बघत बसला, १९३७ ला दिसलं की चुंबकीय वादळ आलं (सूर्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून निघालं) की कॉस्मिक रेज एकदम घसरतात, आणि १९५४ ला दाखवलं की ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावर डाग वाढले की पृथ्वीवर कॉस्मिक रेज कमी होतात, कारण सूर्याकडून वाहणारं चुंबकत्व त्यांना बाहेरच अडवतं. तोवर सिम्पसन या शास्त्रज्ञाचा न्यूट्रॉन मॉनिटर, म्हणजे जमिनीवरून कॉस्मिक रेज सतत मोजणारं यंत्र, आला होता आणि १९५७-५८ ला जगभर अशी स्टेशनं झाली.

विक्रम साराभाईंना आपण रॉकेटवाले म्हणून ओळखतो, पण त्यांची केंब्रिजची पीएचडी याच विषयातली, १९४७ ला अहमदाबादला पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) काढली तेव्हा पहिलं काम पण हेच. दिवसभरात होणारा बारीकसा फरक पकडायचा, तोही एक टक्क्याच्या आतला, किती धीर लागत असेल!

आता ऊटीला कॉस्मिक रेज मोजणारा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. २२ जून २०१५ ला सौर वादळाने पृथ्वीचं चुंबकीय कवच थोडा वेळ कमजोर झालं आणि एरवी परत फिरणारे कण आत घुसले, तिथे जवळपास दोन तास म्युऑन (कॉस्मिक रेज हवेवर आदळल्यावर तयार होणारे कण) वाढलेले दिसले.