गर्दीचं सिम्युलेशन आणि व्हीआर प्रयोग: कोणाला काय विचारायचं?

गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत मे 2025 मध्ये चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे जीव गेले. जत्रांच्या वाटा आधी संगणकावर तपासून घ्यायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी दोन निराळी साधनं आहेत: सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालवलेली गर्दीची नक्कल, आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी), म्हणजे बहुधा डोळ्यांवर हेडसेट चढवून खरा माणूस शिरतो ते आभासी जग. बोलताना त्यांची हमखास सरमिसळ होते.

सिम्युलेशनमध्ये खरा माणूस एकही नसतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला नियम दिलेले असतात: दाराकडे जा, शेजाऱ्यापासून अंतर राख, भिंत टाळ. डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेलं 'सोशल फोर्स' मॉडेल याच धर्तीचं. हजारो ठिपके सोडा, वाट थोडी रुंद करा, पुन्हा सोडा. कुठे तुंबतं, किती वेळ लागतो, याचा अंदाज येतो.

व्हीआरमध्ये निर्णय घेणारा माणूस खरा; धूर, भोंगा आणि बहुधा भोवतीची गर्दी खोटी. समजा, पणजीच्या कला अकादमीसारखं नाट्यगृह हेडसेटमध्ये उभं केलं. बाजूचं दार चार पावलांवर असूनही प्रेक्षक आत आला त्याच दाराकडे वळतो का? शेजारचे आभासी प्रेक्षक बसून राहिले तर तोही बसून राहतो का? खऱ्या धुरात कुणाला कोंडून हे तपासता येत नाही. इथे तोच धूर, तीच खुर्ची शंभर जणांना देता येते. शेजाऱ्याचं बघून हलण्याची सवय अशा प्रयोगांत वारंवार दिसली आहे.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेहदी मुसाईद हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात तर 36 जण एकाच वेळी एकाच आभासी इमारतीत होते, प्रत्येकजण आपापल्या संगणकापुढे. ताण वाढवला तशा धडका आणि दाटी वाढली.

मात्र हेडसेटमध्ये छातीवर दाब येत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं दाटली की पाय आपल्या मर्जीनं पडत नाहीत, गर्दीच ढकलत नेते. तिथे निर्णय उरतोच कुठे? म्हणून जत्रेची वाट किती माणसं पेलेल, हे व्हीआरला विचारू नये. फलक कुठे लावला तर धोंडांना (लईराईच्या व्रतस्थ भक्तांना) दिसेल, स्वयंसेवकानं हाक दिली तर लोक वळतील का, हे जरूर विचारावं.

आणि ती उत्तरं सिम्युलेशनच्या नियमांत घालावीत. संकटात माणसं आधी आपल्या घरच्यांना शोधतात, मगच बाहेर पडतात. हे ठिपक्यांना शिकवलं नाही, तर बाहेर पडायचा वेळ खऱ्यापेक्षा कमीच दिसणार.