गाठ आतड्यातली, पण मूळ कोणत्या पेशीत?

मार्च २०१८ मध्ये इरफान खानने आपल्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा 'न्यूरो' ऐकून अनेकांना तो मेंदूचा कॅन्सर वाटला. पण हे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं (हार्मोन) सोडणाऱ्या पेशींच्या गाठी, बहुतेकदा होतात त्या आतडी, जठर, स्वादुपिंड आणि फुप्फुसांत. हा घोळ शास्त्रज्ञांचाही झाला होता. आतड्यातल्या संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींमध्ये चेतापेशींचे गुण दिसतात, म्हणून त्या गर्भातल्या चेताऊतीतूनच आतड्यात येत असाव्यात, असं मानलं जाई.

फ्रान्समध्ये निकोल ल दुआराँ यांनी १९७३ च्या सुमारास हे तपासलं. लावा पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीपेक्षा वेगळं दिसतं. कोंबडीच्या गर्भात त्यांनी लावा पक्ष्याची चेताऊती बसवली. वाढलेल्या आतड्यात चेतापेशी लाव्याच्या निघाल्या, पण संप्रेरकांच्या पेशी कोंबडीच्याच! इतका साधा, इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो.

मग या पेशी येतात कुठून? आतड्याच्या अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी मूलपेशी (स्टेम सेल) असतात. २००७ मध्ये हान्स क्लेवर्स यांच्या गटाने त्या एलजीआर-५ या खुणेवरून ओळखल्या. चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं ते त्यांच्यामुळे, आणि संप्रेरकांच्या पेशीही त्यांच्याच लेकी.

गाठीतही अशा मूलपेशी असतील का? २०११ मध्ये पचनमार्गातल्या या गाठींमधून, एएलडीएच हे विकर जास्त असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत गोळे करून वाढल्या आणि उंदरांत नव्या गाठी धरल्या. हरळी वरून कापली तरी जमिनीतल्या काशा फुटतात, तसंच हे.

म्हणूनच मला गाठीच्या आकारावरून उपचाराबद्दल काढलेला निष्कर्ष अपुरा वाटतो. ग्रेड १ च्या, म्हणजे सर्वांत सावकाश वाढणाऱ्या गाठीत विभागणीच्या चक्रात असलेल्या पेशी ३ टक्क्यांहून कमी असतात, तरी ती यकृतात पसरू शकते. विभागणाऱ्या पेशींवर नेम धरणाऱ्या केमोथेरपीला इथे सावजच थोडं. ऑक्ट्रिओटाइड हे औषध किंवा ल्युटेशियम-१७७ ची किरणोत्सारी औषधं पेशीवरचा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा ग्राही (रिसेप्टर) शोधून चिकटतात, आणि त्यांनी खरंच अनेकांचा आजार लांबवर थोपवला आहे. पण गाठीतल्या मूळ पेशींवर हा ग्राही पुरेसा नसेल, तर त्या निसटणार.

आणखी एक गुंता आहे. आतड्याला इजा झाली की संप्रेरकांच्या तयार पेशीसुद्धा पुन्हा मूलपेशी होऊ शकतात, हे उंदरांत दिसलं आहे. गाठीत असंच घडत असेल, तर मूलपेशी एकदा मारून भागणार नाही. बाकीच्यांची मागे फिरायची वाटही औषधाला बंद करावी लागेल.