रात्री दोनची वेळ आली कुठून?

घरच्या संगणकावर बॅकअपचं शेड्यूल लावताना पुष्कळ जण सवयीने मध्यरात्रीनंतरची वेळ टाकतात. ही सवय घरातली नाही. ती मोठ्या संगणकांच्या खोलीतून आली. तिथे यंत्र कधी बंदच होत नसे, रात्री कामाची वर्दळ कमी असे आणि बॅकअपची टेप बदलायला ऑपरेटर हजर असे. १९७९ साली आलेल्या, मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या युनिक्स या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत टेपवर फाइली भरणारा 'टार' होता आणि ठरल्या वेळी काम सुरू करणारा 'क्रॉन'ही होता. क्रॉनच्या ओळीत सुरुवातीला वेळेचे पाच रकाने असत: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '० २ * * *' लिहिलं की रोज रात्री दोनला काम सुरू. पण त्या मिनिटाला यंत्रच बंद असेल, तर साधा क्रॉन ते काम सोडून देतो. सकाळी उठून राहिलेलं पुरं करत नाही. अखंड चालणाऱ्या यंत्राला त्याची गरजही नव्हती.

छोट्या संगणकांची वाट वेगळीच. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि त्याच्या डॉस २.० या प्रणालीत 'बॅकअप' नावाची आज्ञा. फ्लॉपीत मावायचे ३६० किलोबाइट. म्हणजे भरलेल्या डिस्कसाठी २८-२९ फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या आणि प्रत्येकीवर क्रमांक टाकायचा. माणूस समोर बसल्याशिवाय हे होणारच नव्हतं, मग शेड्यूल कसलं लावणार? म्हणून वेळ वाचवायला फाइलीवरची 'अर्काइव्ह' ही खूण कामाला आली. फाइल बदलली की खूण लागते. पुढच्या खेपेला खूण असलेल्याच फाइली घ्यायच्या. खूण पुसून टाकणारा बॅकअप तो इन्क्रिमेंटल, तशीच ठेवणारा तो डिफरन्शियल. आज सेटिंगमध्ये हे दोन शब्द पाहून गोंधळ होतो. मागची गोष्ट एवढीच आहे.

विंडोज ९८ मध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणारा टास्क शेड्यूलर आला आणि रात्री दोनची कल्पना घरात शिरली. घरचा संगणक मात्र तेव्हा बंद असतो, लॅपटॉप तर मिटलेला. माझ्या मते, या सगळ्या इतिहासात बॅकअप न होण्याचं इतकं साधं आणि इतकं दुर्लक्षित कारण दुसरं नाही. विंडोज ७ ने रविवार संध्याकाळी सातची वेळ आपणहून सुचवली, त्यात निदान घराचा विचार होता. विंडोज व्हिस्टापासूनच्या टास्क शेड्यूलरमध्ये चुकलेलं काम नंतर लगेच करण्याचा पर्याय आहे, पण स्वतः नवं काम तयार केलं तर ती टिकमार्क आधीपासून लागलेली नसते. उलट 'चार्जर लावलेला असेल तरच' ही अट लागलेली असते. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर कामं मुकाट्याने राहतात ती इथे.

ॲपलने २००७ मध्ये मॅकसाठी टाइम मशीन ही बॅकअपची सोय आणताना वेळेचा प्रश्नच काढून टाकला. दर तासाला बॅकअप. गेल्या २४ तासांचे तासागणिक, महिन्याचे दिवसागणिक, त्यामागचे आठवड्यागणिक, डिस्क भरेपर्यंत. हे तासाचं अंतर सेटिंगमधून बदलायची सोय थेट २०२२ च्या व्हेंच्युरा या मॅकच्या आवृत्तीत मिळाली. विंडोज ८ मध्ये आलेली फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोयही २०१२ पासून तासाचीच धरून चालते.

मग २०१३ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा क्रिप्टोलॉकर हा घातक प्रोग्राम पसरला. तो संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करत असे. आपोआप बॅकअपसाठी डिस्क कायम जोडलेली हवी आणि फाइली वाचवायच्या तर ती काढून ठेवलेली हवी, हा पेच तेव्हापासूनचा. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या, हा सेटिंगच्या तळाशी असलेला रकाना त्यामुळेच वेळेइतका महत्त्वाचा झाला. प्रती सातच दिवस ठेवल्या आणि बिघाड दहाव्या दिवशी लक्षात आला, तर उरलेली प्रत्येक प्रत बिघडलेल्या फाइलीचीच असते.