संप पंप

संप पंप : तळघराच्या फरशीखाली येणारे पाणी एका खड्ड्यात गोळा करून घराबाहेर फेकणारा विजेचा पंप. ‘संप’ हे त्या खड्ड्याचे इंग्रजी नाव. मराठीत या शब्दाचा अर्थ भलताच होतो, पण ऐन वादळी रात्री हा पंप जे करतो ते पाहता तोही अगदीच गैरलागू नाही. बंगळूरकडे घराखालच्या वापराच्या पाण्याच्या टाकीला संप म्हणतात. तिच्यातले पाणी गच्चीवर चढवणारा पंप येथे अभिप्रेत नाही.

हा पंप मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य व मध्य-पश्चिम भागांत आणि कॅनडात घरोघरी आढळतो. तेथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. गोठताना ओली माती फुगते आणि उथळ पाया उचलला जातो, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिकागोत ही खोली ४२ इंच धरतात. एवढे खणायचेच तर आणखी थोडे खणून तळघर करून घ्यावे, हा हिशेब तिथल्या घरबांधणीत मुरला आहे. न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या आसपास घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाची या यंत्राशी पहिली भेट बहुधा घर पाहायला गेल्यावरच होते: तळघराच्या कोपऱ्यात झाकण घातलेला गोल खड्डा आणि त्यातून वर गेलेला पांढरा पाइप.

पावसाने किंवा वितळत्या बर्फाने भूजलाची पातळी वाढली की पाणी फरशीला खालून ढकलू लागते. १० सेंमी. जाड काँक्रीटचे वजन दर चौ. मी.ला सुमारे २४० किग्रॅ. असते. पाण्याची पातळी फरशीच्या तळापासून ३० सेंमी. वर गेली, तर खालून येणारा दाब ३०० किग्रॅ. भरतो. आतून रंग किंवा सिमेंटचा लेप देऊन हे पाणी थोपवण्याचे प्रयत्न म्हणूनच फार टिकत नाहीत. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि फरशीच्या सांध्यातून पाझर सुरू होतो. पाण्याला वाट करून देणे हाच खरा इलाज. पायाच्या कडेने छिद्रांचा पाइप फिरवून तो खड्ड्यात सोडतात. पूर्वी या नळ्या भाजलेल्या मातीच्या असत. आता प्लास्टिक आले, तरी ‘ड्रेन टाइल’ हे नाव टिकून आहे.

खड्डा साधारणतः १८ इंच रुंद आणि दोन ते अडीच फूट खोल असतो. फरशी फोडून खणायचे, तळाशी खडी घालायची, त्यावर छिद्रांची प्लास्टिकची टाकी बसवायची. पंप थेट खडीवर न ठेवता विटेवर किंवा सपाट फरशीवर ठेवतात, नाहीतर तो गाळ ओढतो. मोटार वर आणि दांडा पाण्यात असा एक प्रकार आहे, पण पाण्यात बुडून चालणारा पंप आवाज कमी करतो आणि झाकणाखाली मावतो, म्हणून तोच जास्त चालतो. जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येणाऱ्या भागात ते झाकण हवाबंद असावे लागते.

घरगुती पंप बहुधा एक तृतीयांश किंवा अर्ध्या अश्वशक्तीचा असतो. मोठा पंप चांगला, हा गैरसमज आहे. लहान खड्ड्यात तो क्षणात पाणी उपसून थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि या चालू-बंदमध्येच झिजतो. गरज मोजता येते. १८ इंची खड्ड्यात पाणी १ सेंमी. चढले म्हणजे सुमारे १.६ लिटर आले. जोराच्या पावसात पंप थोडा वेळ बंद ठेवून मिनिटात किती सेंटिमीटर चढते ते पाहावे.

पाइपावर एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तर ३ मी. उंचीच्या दीड इंची पाइपातले सुमारे साडेतीन लिटर पाणी पंप थांबताच परत खड्ड्यात येते आणि पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसत बसतो. व्हॉल्व्हच्या खाली, पंपाच्या वर, पाइपाला तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडतात. पंप चालताना त्यातून बारीक धार उडते. ती गळती समजून कोणी भोक बुजवले की पंप हवा धरतो: मोटार फिरते, पाणी चढत नाही.

दुरुस्तीत मोटारीआधी फ्लोट पाहावा. पाण्याबरोबर वर येऊन बटण दाबणारा हा तरंगता गोळा खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरीत अडकतो आणि चांगला पंप मुका बसतो. फ्लोटचा प्लग आणि पंपाचा प्लग एकावर एक बसवलेले असतील, तर परीक्षा सोपी आहे: फ्लोटचा प्लग काढून पंप थेट बोर्डाला लावायचा. चालला तर दोष फ्लोटचा. मोटार नुसती गुणगुणत असेल तर इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकात, खडा अडकलेला असतो किंवा मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर गेलेला असतो. खड्ड्यात हात घालण्याआधी वीज तोडणे आलेच. लोहयुक्त पाण्यात जिवाणूंमुळे तांबूस, बुळबुळीत गाळ धरतो आणि छिद्रे बुजवतो. थंडीत पाइपाचे बाहेरचे तोंड बर्फाने बंद होते, त्याचा दोषही उगाच पंपावर येतो. दर दोन-तीन महिन्यांनी बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का ते पाहणे एवढी देखभाल बहुतेक घरांना पुरते. पण ती करतो कोण?

खरी अडचण विजेची. ज्या वादळात पाणी येते त्याच वादळात तारा तुटतात. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा दुसरा पंप जोडतात. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा पंपही मिळतो, पण खासगी विहिरीवरच्या घरात तो निरुपयोगी, कारण वीज गेली की विहिरीचा पंपही थांबतो. अर्थात पूर रस्त्यावरूनच आत शिरला तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्क शहरात जे बळी घेतले, त्यांतले ११ जण तळघरांतल्या घरांत होते.

उपसलेले पाणी पायापासून दूर, उताराकडे सोडावे, नाहीतर तेच फिरून येते. मैलापाण्याच्या गटारात ते सोडायला बहुतेक गावांत बंदी आहे. पंप बंद पडून झालेले नुकसान तिथल्या नेहमीच्या गृहविम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते.

मुंबई-पुण्यात घराला तळघर क्वचितच, पण इमारतींखाली पार्किंग आले आणि त्याबरोबर हे खड्डेही. येथे त्याला सरळ ‘डीवॉटरिंग पंप’ म्हणतात. दोन पंप बसवून ते आळीपाळीने चालवण्याची पद्धत आहे. पाळी न ठेवता एक नुसता राखीव ठेवला, तर तो वर्षभर न फिरल्याने जाम होतो आणि हे जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात कळते.