मक्केतला न दिसणारा घाम

हजहून परतलेल्यांच्या बोलण्यात एक वाक्य बरेचदा येतं, "तिकडे ऊन कडक, पण हवा कोरडी. घामच येत नाही, म्हणून त्रास होत नाही." यातलं हवा कोरडी असते एवढंच खरं. जून 2024 च्या हजमध्ये मक्केतल्या मस्जिद-अल-हराम या मुख्य मशिदीपाशी पारा 51.8 अंशांवर गेला आणि त्या यात्रेत 1,301 माणसं दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं. त्यातले 83 टक्के परवान्याशिवाय आलेले, निवाऱ्याविना रणरणत्या उन्हात लांबवर चालत गेलेले होते. म्हणून ते वाक्य मला फार धोक्याचं वाटतं.

घाम येतोच. कातडीवर आल्या आल्या त्याची वाफ होते, म्हणून तो दिसत नाही इतकंच. आणि सगळी किमया त्या वाफेतच आहे. 1 लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते, ती मुख्यतः शरीरातूनच घेतली जाते. 70 किलो वजनाच्या शरीराचं तापमान 1 अंशाने बदलायला सुमारे 58 किलोकॅलरी पुरतात. भागाकार करून पाहा: लिटरभर घाम 10 अंशांइतकी उष्णता वाहून नेतो! उलट, चालणारं शरीर तासाला 200 हून अधिक किलोकॅलरी उष्णता स्वतःच तयार करतं. ती कोंडून राहिली तर ताप तासाभरात 37 वरून 40 च्या पुढे जाईल. उष्माघात तिथेच सुरू होतो.

एरवी वाऱ्यानेही अंग निवतं. पण कातडी 35 अंशांची आणि हवा 48 ची असली की वारा अंगात उष्णता भरतो. गळ्यात अडकवायच्या पंख्यांच्या जाहिराती ही गोष्ट कधीच सांगत नाहीत. अशा हवेत कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीचा झोत. आधी अंग ओलं करायचं, मग वारा घ्यायचा.

तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांच्या, दाट गर्दीत आणखी वेगळं घडतं. माणसाला माणूस खेटलेला, वारा नाही, मधली हवा श्वासांनी आणि घामाने दमट. तिथे घाम निथळताना दिसतो, पण ओघळून खाली पडलेला थेंब काहीच थंड करत नाही. म्हणजे घाम दिसत नाही तिथे शरीरातलं पाणी गुपचूप संपतं, आणि दिसतो तिथे तो निम्मा वाया जातो.

वय वाढलं की घामही कमी होतो आणि तहानही उशिरा लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयाची काही औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच. मनाने गोळी बंद करू नये. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामातून मीठ जातं, म्हणून मधूनमधून ओआरएस हवं. एहराममध्ये, म्हणजे हजच्या खास वेशात आणि बंधनांत असताना, पुरुषांना डोकं झाकता येत नाही, छत्री मात्र चालते. ती वापरा. मेनिंगोकॉकल मेंदूज्वराची सक्तीची लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असावी.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर "थकला असेल" म्हणून सोडू नका. लगेच मदत बोलवा, सावलीत न्या, कपडे सैल करा, सगळं अंग भिजवा आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

याच तत्त्वावर 1980 च्या सुमारास खास हज यात्रेकरूंसाठी एक यंत्र तयार झालं. रुग्णाला जाळीच्या खाटेवर ठेवून अंगावर गार पाण्याचे बारीक तुषार आणि चक्क गरम हवेचा झोत सोडायचा. गरम कशाला? कातडी फार गार पडली तर तिच्या रक्तवाहिन्या आवळतात, हुडहुडी भरते आणि आतली उष्णता बाहेर यायची थांबते. कातडी 32-33 अंशांवर ठेवली की रक्त तिच्याकडे येत राहतं आणि वाफ उष्णता नेत राहते. तरुण खेळाडूच्या उष्माघातात बर्फाच्या पाण्यात बुडवणं उत्तम ठरतं, पण हृदयविकार असलेल्या वृद्धाला ते झेपेलच असं नाही.

मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात कडुनिंबाची हजारो झाडं लावलेली आहेत. त्यांची पानंही मुळांनी ओढलेल्या पाण्याची वाफ सोडतात. झिलहज या हजच्या इस्लामी महिन्याच्या 9 तारखेला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिथे थांबायचं असतं, आणि त्या झाडाखाली बसलेल्या माणसाला सावलीबरोबर झाडाच्या घामाचाही गारवा मिळतो.