नैराश्याची लक्षणे एकमेकांना धरून ठेवतात का?

मलेरियात ताप, हुडहुडी आणि अंगदुखी यांच्यामागे एकच परजीवी असतो. तो मेला की लक्षणेही ओसरतात. नैराश्यामागेही असाच एखादा दडलेला कर्ता असावा, असे मानून बरेच संशोधन झाले, पण तसा एकमेव कर्ता सापडलेला नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डेनी बोर्सबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून वेगळी शंका घेतली: लक्षणेच एकमेकांना जन्म देत असतील तर? रात्री झोप नाही म्हणून दिवसा थकवा, थकव्यामुळे कामे तुंबतात, तुंबलेल्या कामांमुळे अपराधी वाटते आणि त्या विचारांनी पुन्हा झोप उडते.

हे खरे असेल, तर लक्षणांमधले दुवे जितके घट्ट, तितका आजार चिवट असायला हवा; कारण मूळ आघात, समजा नोकरी जाणे, मागे पडल्यावरही लक्षणे एकमेकांना चेतवत राहतील. क्लॉडिया व्हान बोर्कुलो आणि सहकाऱ्यांनी 2015 साली नेदरलँड्समधील 515 रुग्णांच्या नोंदींवर हेच तपासले. दोन वर्षांनी 253 जण बरे झालेले होते, तर 262 जणांचे नैराश्य टिकून होते. या दुसऱ्या गटातील लक्षणांचे जाळे सुरुवातीच्या नोंदींतच अधिक दाट होते आणि थकवा व अपराधीपणा यांना त्यात विशेष महत्त्व होते.

मात्र हे जाळे गटाचे आहे, कोणा एकाच्या मनाचे नव्हे. थकलेल्या माणसांमध्ये अपराधी वाटणारे अधिक आढळतात, एवढेच त्यातून कळते. थकव्यातून अपराधीपणा उपजला, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय 2018 साली ब्रिटनमधील 465 किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासात, उपचारांना चांगला आणि कमी प्रतिसाद देणाऱ्यांच्या जाळ्यांच्या घट्टपणात लक्षणीय फरक आढळला नाही.

त्यामुळे मला एकाच व्यक्तीवरचा, 2016 साली प्रसिद्ध झालेला डच अभ्यास अधिक बोलका वाटतो, जरी त्याचा विषय बरे होणे नसून आजार उलटणे हा आहे. नैराश्यावरील गोळ्या हळूहळू कमी करणाऱ्या एका गृहस्थाने 239 दिवस, दिवसातून दहा वेळांपर्यंत, आपली मनःस्थिती नोंदवली. लक्षणे एकाएकी वाढण्यापूर्वी त्याच्या भावना पूर्वपदावर यायला अधिक वेळ घेऊ लागल्या होत्या आणि त्यांच्यातले परस्परदुवेही घट्ट होत गेले होते.